आकाशाचा जागता पहारा

९ ऑक्टोबर २०२२ हा रविवार होता आणि त्या दिवशी कोजागरी पौर्णिमा होती. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर मसाला दुधाची तयारी सुरू होण्याच्या सुमारास, भारतीय प्रमाणवेळेनुसार संध्याकाळी सहा वाजून ४७ मिनिटांनी, गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला आणि पुढच्या काही मिनिटांत त्याने कळस गाठला. तो आला गरुड आणि हंस यांच्या मधल्या चिमुकल्या शर तारकासमूहाच्या दिशेने. योगायोग असा, की त्या क्षणी आकाशाचा हा भाग मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर होता. पृथ्वीभोवतीच्या आयनावरणात या माऱ्याने खळबळ उडाली, भारतातील विजा नोंदवणाऱ्या उपकरणांनाही त्याची चाहूल लागली. गच्चीवर जमलेल्या कोणालाही मात्र काहीच जाणवले नाही. सुमारे १९० कोटी वर्षे प्रवास करून आलेला हा संदेश आपल्या वातावरणाने नेहमीप्रमाणे वरच्या वर अडवला होता.

गॅमा किरण स्फोटांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत तेजस्वी स्फोट. असा स्फोट साधारण दहा हजार वर्षांतून एकदा दिसावा, असे गणित शास्त्रज्ञांनी पुढे मांडले. कोजागरीच्या रात्री ‘कोण जागे आहे’ असे विचारत लक्ष्मी फिरते, अशी आपल्याकडची श्रद्धा. त्या संध्याकाळी हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांना विचारला गेला, असे म्हणायला हरकत नाही. जागे असणारे होते, परंतु प्रत्येकाची काही ना काही अडचण होती. अमेरिकेच्या ‘फर्मी’ या अवकाश दुर्बिणीने स्फोट प्रथम टिपला. पण प्रकाश इतका प्रखर, की तिचे शोधक काही काळ अक्षरशः दिपून गेले. गॅमा स्फोटांसाठीच बांधलेल्या ‘स्विफ्ट’ला तो सुरुवातीला दिसूच शकला नाही. जवळपास तासाभराने तिला उरलेली धग दिसली, तेव्हा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्याने तो आपल्याच दीर्घिकेतील एखादा नवा स्रोत असावा, अशी समजूत झाली. फर्मीची नोंद शेजारी ठेवल्यावर खरा प्रकार उलगडला. आफ्रिकेत नामिबियातील ‘हेस’ या जमिनीवरच्या दुर्बिणींना तर पौर्णिमेच्या चांदण्यानेच अडवले; दोन दिवसांहून अधिक काळ त्यांना डोळे मिटून बसावे लागले. चीनच्या सिच्वान प्रांतात ४,४१० मीटर उंचीवर पसरलेल्या ‘लासो’ वेधशाळेला चांदण्याचे वा उन्हाचे भय नाही. तिने या स्फोटातील हजारो अत्युच्च ऊर्जेचे कण टिपले आणि त्यांपैकी काहींची ऊर्जा दहा लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षाही अधिक निघाली. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, एवढे सांगितले तरी पुरे.

ही घटना आज पुन्हा आठवण्याचे कारण वेगळे आहे. गॅमा किरणांचे आकाश पाहण्याचे काम एकट्यादुकट्या दुर्बिणीचे नाही. स्फोट कधी आणि कुठे होणार, हे आधी कळत नाही. तो काही सेकंदांत वा मिनिटांत संपतो. आणि त्या वेळी दुर्बीण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असली तर तिला काहीच दिसत नाही. म्हणून येथे पहारा लागतो, तोही अनेकांचा आणि अखंड. गेल्या दोन दशकांत हा पहारा ज्यांच्या बळावर चालला, त्या दुर्बिणी आता एकामागून एक थकत आहेत. आणि नेमक्या याच काळात त्यांची गरज वाढत चालली आहे.

पहाऱ्याची ही गोष्ट सुरू झाली ती मात्र संशयातून. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. करार झाला, विश्वास मात्र नव्हता. सोव्हिएत संघ चंद्राच्या आडोशाला तर बॉम्ब फोडणार नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ उपग्रहांच्या जोड्या सोडल्या. वेला हा शब्द स्पॅनिश भाषेतील. त्याचा अर्थच मुळी जागरण, पहारा. २ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी गॅमा किरणांची एक लाट नोंदवली. तिची चढउतार अणुस्फोटाशी जुळत नव्हती. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत ती नोंद बाजूला ठेवली गेली, तशाच आणखी सापडत गेल्या. एकाच लाटेची वेळ निरनिराळ्या उपग्रहांवर किती फरकाने नोंदली गेली, यावरून ती साधारण कोणत्या दिशेने आली हे काढता येते. त्या हिशोबाने पृथ्वी आणि सूर्य हे दोन्ही उगम बाद ठरले. रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७३ साली असे १६ स्फोट प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जगाला या प्रकाराची वार्ता लागली. शत्रूवर नजर ठेवण्यासाठी टांगलेल्या दिव्यात विश्वातील सर्वांत उग्र स्फोट दिसावेत, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक मासलेवाईक प्रसंग आहे.

स्फोट सापडले, पण ते कुठले, हा प्रश्न पुढे जवळजवळ पाव शतक लोंबकळत राहिला. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशात सर्व दिशांना सारखे विखुरलेले होते. आपल्या आकाशगंगेतील ताऱ्यांचे हे काम असते, तर ते तिच्या पट्ट्यात गर्दी करून दिसले असते. तरीही वाद मिटला नाही. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनमधील ज्या सभागृहात १९२० साली विश्वाच्या व्याप्तीवर शॅप्ली आणि कर्टिस यांचा गाजलेला वाद झाला होता, तेथेच बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब समोरासमोर उभे राहिले. हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे आहेत, असे पाचिन्स्की म्हणत होते. लॅम्ब यांच्या मते ते आकाशगंगेभोवतीच्या विस्तीर्ण प्रभामंडळातले होते. निकाल लागण्याजोगा पुरावा दोघांकडेही नव्हता, कारण स्फोटाची जागा कोणालाच नेमकी सांगता येत नव्हती.

यामागचे कारण गॅमा किरणांच्या स्वभावातच आहे. दृश्य प्रकाश आरशाने परावर्तित करून एका बिंदूवर आणता येतो, म्हणून दुर्बीण होते. गॅमा किरण आरशाला जुमानत नाहीत. ते त्यात शोषले जातात किंवा आरपार निघून जातात. त्यामुळे त्यांची ‘दुर्बीण’ ही नेहमीच्या अर्थाने दुर्बीण नसतेच. एक उपाय म्हणजे शोधकापुढे वेडीवाकडी छिद्रे पाडलेली शिशासारख्या जड धातूची जाळी धरायची. किरण ज्या दिशेने येतील, त्यानुसार जाळीची सावली मागच्या शोधकावर सरकते. जाळीचा नमुना ठाऊक असल्याने सावलीवरून दिशा काढता येते. खिडकीच्या गजांची सावली पाहून सूर्य कुठे आहे हे सांगावे, तसाच हा प्रकार. स्विफ्टने हीच युक्ती वापरली. अधिक ऊर्जेच्या किरणांना जाळीही पुरत नाही. फर्मीवरच्या मुख्य उपकरणात टंगस्टनचे पातळ पत्रे आणि सिलिकॉनच्या पट्ट्या यांचे थर एकावर एक रचलेले आहेत. गॅमा किरण टंगस्टनमध्ये शिरला, की त्याचे रूपांतर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोडीत होते. ही जोडी खाली जाताना सिलिकॉनच्या थरांवर माग सोडते आणि तळाच्या स्फटिकांत तिची ऊर्जा मोजली जाते. गुन्हेगार निसटला तरी पाऊलखुणांवरून तो कुठून आला आणि अंगापिंडाने केवढा होता हे सांगावे, तसे. हे उपकरण एका वेळी आकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा पाहते आणि दर तीन तासांनी सगळे आकाश पालथे घालते.

जागेचा प्रश्न सुटला तो २८ फेब्रुवारी १९९७ रोजी. इटली आणि नेदरलँड्स यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एक स्फोट पकडला आणि काही तासांतच आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली. तेथे विझत चाललेली धग दिसली. पत्ता नेमका मिळाल्याने जमिनीवरच्या दुर्बिणींनाही ती दिसली. त्याच वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या एका स्फोटाचे अंतर हवाई बेटावरील केक दुर्बिणीने मोजले, तेव्हा त्याचा प्रकाश सुमारे ७०० कोटी वर्षे वाटेवर होता असे दिसले. पाचिन्स्की यांचे म्हणणे खरे ठरले. या विषयातला पुढचा सगळा धडा या एका प्रसंगात आहे: स्फोट पाहणे पुरेसे नाही, विझण्याच्या आत इतरांना हाक मारता आली पाहिजे. नोव्हेंबर २००४ मध्ये सोडलेली स्विफ्ट ही त्या धड्याचेच यंत्ररूप होती. स्फोट दिसला की माणसाच्या परवानगीची वाट न पाहता ती मिनिटभराच्या आसपास स्वतः वळते आणि त्याचा पत्ता काही सेकंदांत जगभर पोहोचतो. त्यानंतर कोण कोणत्या खंडात झोपले आहे, याचा विचार कोणी करत नाही.

या धावपळीतून हाती काय आले? लांब स्फोट महाकाय ताऱ्यांच्या अंताचे असतात आणि आखूड, दोन सेकंदांच्या आतले स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात, ही मूळ विभागणी पक्की झाली. अलीकडे तिला काही अपवादही सापडले आहेत. १० मे २००९ च्या एका स्फोटाने तर थेट आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताची परीक्षा घेतली. सुमारे ७३० कोटी वर्षे प्रवास करून आलेल्या त्या स्फोटातील दोन प्रकाशकणांच्या ऊर्जेत दहा लाख पटींहून अधिक तफावत होती, तरी ते एकमेकांपासून सेकंदाच्या नऊ दशांशाच्या आत फर्मीवर पोहोचले. अवकाशाची वीण अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल आणि जास्त ऊर्जेच्या प्रकाशाला त्यामुळे उशीर होत असेल, अशा काही कल्पनांना या एका नोंदीने मोठा धक्का बसला. पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत एवढी लांब धावपट्टी मिळणे शक्य नाही.

मात्र पहाऱ्याचे मोल खऱ्या अर्थाने कळले ते १७ ऑगस्ट २०१७ रोजी. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील ‘लायगो’ यंत्रांवर नोंदल्या गेल्या आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मीला एक दुबळा, आखूड गॅमा स्फोट दिसला. दोन्ही नोंदी जुळल्या आणि अवघ्या काही तासांत दुर्बिणींनी ती दीर्घिका गाठली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत घडतात, याचा पुरावा तेथे मिळाला. सराफाच्या पेढीवर भाव विचारताना हे कोणाच्या मनात येत नाही, ते सोडा. त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा कमी होते. स्विफ्ट आणि भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ या दोघांनाही तो स्फोट दिसला नाही, कारण त्या क्षणी त्यांच्या आणि त्या दीर्घिकेच्या मध्ये पृथ्वी होती. फर्मीही पलीकडे असती, तर?

ॲस्ट्रोसॅटचा उल्लेख केवळ हुकलेल्या संधीसाठी करणे अन्यायाचे ठरेल. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या उपग्रहावरचे ‘सीझेडटीआय’ हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले. पुण्याच्या आयुकात त्याचे कामकाज चालते. गंमत म्हणजे ते मुळात गॅमा स्फोटांसाठी बांधलेलेच नव्हते. पण विशिष्ट ऊर्जेच्या वर त्याच्या बाजूच्या भिंती किरणांना पारदर्शक होतात आणि ते जवळजवळ साऱ्या आकाशाकडे उघडे पडते. ज्याला दोष म्हणायचे, त्याचाच गुण झाला. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे उपकरण सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी, त्याने एक स्फोट पकडला. नोव्हेंबर २०२३ पर्यंत ही संख्या ६०० वर गेली होती.

जानेवारी २०१७ मधील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. त्या महिन्याच्या ४ तारखेला लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्या ज्या पट्ट्यातून आल्या असाव्यात, त्याच पट्ट्यात दुसऱ्या दिवशी एक झपाट्याने मंदावणारा प्रकाशबिंदू सापडला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश बाहेर पडला असेल, तर ती मोठीच बातमी होती. आयआयटी मुंबई, आयुका आणि टाटा संस्थेतील संशोधकांनी सीझेडटीआयची आकडेवारी चाळली, तेव्हा गुरुत्वीय लहरींनंतर सुमारे २१ तासांनी झालेला एक स्वतंत्र गॅमा स्फोट तीत आढळला. तो प्रकाशबिंदू त्या स्फोटाची धग होता. कृष्णविवरांशी त्याचा संबंध नव्हता. वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम एका चुकीच्या शोधाला वेळीच अडवणारे होते. अशा कामाला मथळे मिळत नाहीत, पण विज्ञान त्यावरच उभे राहते. स्फोटानंतरची धग पाहण्यासाठी लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आहे. रेडिओ लहरींसाठी नारायणगावजवळील खोडदची महाकाय दुर्बीण २००३ सालच्या प्रसिद्ध स्फोटापासून हे काम करीत आली आहे. हानले येथेच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने उभारलेल्या ‘मेस’ दुर्बिणीचे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले. सर्वोच्च ऊर्जेचे गॅमा किरण वातावरणात शिरताना जी निळसर चमक सोडतात, ती टिपण्यासाठी ही दुर्बीण आहे. म्हणजे हाक ऐकून धावणारे आपल्याकडे सज्ज आहेत. हाक देणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आहे.

त्यांची स्थिती फारशी दिलासादायक नाही. २००७ साली आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून नेलेला इटलीचा ‘अजिले’ उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये वातावरणात जळून संपला. युरोपच्या ‘इंटिग्रल’ने २२ वर्षांच्या सेवेनंतर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी निरीक्षणे थांबवली. २००८ मध्ये गेलेल्या फर्मीचे एक सौरपंख २०१८ पासून अडकलेले आहे. ॲस्ट्रोसॅटची ठरलेली पाच वर्षे कधीच उलटून गेली. स्विफ्टची कथा तर चटका लावणारी आहे. तिच्यावर स्वतःला वर उचलणारे इंजिन नाही. सूर्याच्या वाढत्या सक्रियतेमुळे वरचे वातावरण फुगले आणि सुमारे ६०० किलोमीटरवर सोडलेली ही दुर्बीण अपेक्षेपेक्षा वेगाने खाली येऊ लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने एका खासगी कंपनीशी तीन कोटी डॉलरचा करार केला. २०२६ मध्ये यान पाठवून तिला पकडायचे आणि वर ढकलायचे, अशी ती योजना. कोणी येऊन पकडावे, अशी सोय नसलेल्या एकवीस वर्षांच्या दुर्बिणीसाठी हा घाट घालावा लागला, कारण नासाकडे तिच्या जागी ठेवायला तशी दुसरी नव्हती.

पोकळी भरण्यासाठी सर्वांत आधी पुढे सरसावला तो चीन. २०२० मध्ये पृथ्वीच्या दोन बाजूंना राहतील अशा ‘जीकॅम’ उपग्रहांची जोडी त्याने सोडली. त्यांतील एकाला वीजपुरवठ्याच्या बिघाडाने काम करता आले नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘आइन्स्टाइन प्रोब’ आणि जूनमध्ये फ्रान्सबरोबरचा ‘स्वोम’ गेला. १४ मार्च २०२५ रोजी स्वोमने टिपलेला स्फोट विश्व अवघे ७३ कोटी वर्षांचे असतानाचा निघाला. या यशाबद्दल हेवा करण्याचे कारण नाही. उलट चीनच्या उपग्रहांच्या सूचना जगातील वेधशाळांना मिळतात हे चांगलेच आहे. परंतु साऱ्या जगाचा पहारा एक-दोन देशांच्या अंदाजपत्रकावर आणि परस्परसंबंधांवर अवलंबून असणे शहाणपणाचे नाही. वेला उपग्रहांच्या पहिल्या नोंदी सहा वर्षे बाहेर आल्या नव्हत्या, हे विसरता येत नाही.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही, तो हिंगोली जिल्ह्यात येऊन थांबला आहे. औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतील यंत्रांपासून दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या या यंत्रामुळे गुरुत्वीय लहरींची दिशा कितीतरी अधिक अचूक सांगता येईल. पण २०१७ सारखी टक्कर पुन्हा झाली, तर त्या पहिल्या दोन सेकंदांतला गॅमा प्रकाश पाहणारा कोणी तरी अवकाशात असायला हवा. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली टाटा संस्था, आयुका, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आदींनी मांडलेला ‘दक्ष’ हा प्रस्ताव नेमका यासाठी आहे: एकसारखे दोन उपग्रह, पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा जागा. त्याची उपकरणे प्रयोगशाळेत तपासली गेली, शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्याला किती प्राधान्य द्यायचे, हा इस्रोपुढचा निर्णय आहे. आणि चंद्र, मंगळ, मानवी मोहीम यांच्या गर्दीत दोन शांत पहारेकऱ्यांची बाजू मांडणे सोपे नाही, हेही मान्य करायला हवे. तरी लायगो-इंडियाच्या तुलनेत हा खर्च विचारात घेतला, तर डोळे मिटून कान तेवढे लावण्यात कोणता हिशोब आहे, हे कोणी सांगितल्यास बरे होईल.

लायगो-इंडिया २०३० च्या आसपास कार्यान्वित व्हावी, अशी अपेक्षा आहे. त्या वर्षी फर्मीला २२ वर्षे झालेली असतील आणि ॲस्ट्रोसॅटला १५. अर्थात तोवर दोन्ही टिकल्या तर. अवकाशातील उपग्रह मंजुरीपासून उड्डाणापर्यंत पोहोचायला काही वर्षे घेतो, हे लक्षात घेतले तर त्या तारखेपूर्वी निर्णय घेण्यासाठी उरलेला अवधी फार मोठा नाही.